बिनधुराचं भरीत

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला ना पगार विचारला, ना लग्नाचं. त्यांनी माझी छत्री मागितली. पावसाळ्याचे दिवस होते, छत्री हातात होतीच. त्यांनी ती व्हरांड्यात उघडली, मिटली, पुन्हा उघडली, उजेडाकडे धरून आतून बघितली आणि एका काडीपाशी बोट ठेवून विचारलं, "इथे टाका कुणी घातला?"

"मीच."

"उसवल्यावर लगेच, की भिजल्यावर?"

"भिजल्यावर," मी खरं ते सांगून टाकलं.

"हरकत नाही. घातला ना. सामान कधी आणताय?"

अशा रीतीने सातपूरजवळच्या त्या कॉलनीत मला वरच्या मजल्याची खोली मिळाली आणि पुढची काही वर्षं मी त्या घराची झाले. सगळी कॉलनी त्यांना काका म्हणायची, मीही म्हणू लागले. ते मात्र मला नावाने कधीच हाक मारत नसत. "काय भाडेकरू, आज उशीर?" असं खुशाल चारचौघांत विचारायचे. सुरुवातीला राग यायचा. नंतर एकदा माझ्या आईसमोरच त्यांनी "तुमची भाडेकरू" असा माझा उल्लेख केला, आणि आई इतकी हसली की मी राग सोडून दिला.

काकांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या पर्चेस खात्यात झाली होती. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, हास्यक्लबात जातात, नातवंडांच्या मागे लागतात. काकांनी पर्चेस खातं उचलून घरी आणलं. कॉलनीत कुणाला सोफा घ्यायचा असो, गिझर घ्यायचा असो, नाहीतर नुसता उभा पंखा, काकांना घेतल्याशिवाय कुणी दुकानाची पायरी चढत नसे. चढलंच तर नंतर त्याला चोरासारखं वागावं लागे. मी एकदा त्यांना न सांगता मिक्सर आणला आणि टॉवेलात गुंडाळून जिना चढले. दुसऱ्या दिवशी चटणी वाटली. जिन्याखालून आवाज आला, "भाडेकरू, बेअरिंग खराब आहे. आजच परत करा." आणि बेअरिंग खरंच खराब होतं, हे सांगायला मला आजही आवडत नाही.

दुकानातले काका ही बघण्याची गोष्ट होती. खुर्ची दिली तर बसायचे नाहीत. चहा तर अजिबात नाही. "चहा प्यायलं की नाही म्हणणं जड जातं," म्हणायचे. वस्तूभोवती एक फेरी मारायची, बोटाच्या पेराने ती ठोकून बघायची, झाकण असलं तर उघडमीट करत राहायची, इतकी की सेल्समन केविलवाणा व्हायचा. फ्रिजला तर ते कान लावून उभे राहायचे, डॉक्टर छातीला लावतात तसे. हे सगळं झालं की गिऱ्हाइकाकडे वळून विचारायचे, "हे नसताना तुम्ही काय करत होता?"

या प्रश्नावर भलेभले गळायचे. समोरच्या बंगल्यातल्या बाई चालायचं मशीन घ्यायला गेल्या होत्या. "हे नसताना काय करत होता?" "सकाळी गंगापूर रोडने फिरायला जात होते." "मग बंद का केलं?" "बूट फाटले." त्या नवे बूट घेऊन घरी आल्या आणि आठवडाभर काकांशी बोलल्या नाहीत. बूट मात्र अजून वापरतात.

दुसरा प्रश्न दुकानदाराला. "बिघडलं की कोण येणार? कंपनीचं नाव नको. माणसाचं सांगा." दुकानदार टोल फ्री नंबर सांगायला लागला की काका पाठ फिरवायचे. या प्रश्नाची त्यांना इतकी सवय लागली होती की कॉलनीतल्या एकाने आपल्या मुलीसाठी स्थळ बघायला त्यांना बरोबर नेलं, तिथेही तो सुटला. मुलाची नोकरी, घर, पत्रिका सगळं ठीक होतं. काका पोह्यांना हात न लावता बसले होते. शेवटी मुलाच्या वडिलांना म्हणाले, "छान आहे सगळं. पण बिघडला तर कोण येणार?" मुलीच्या बापाला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं असणार. मुलाचे वडील म्हणाले, "मी येईन." काकांनी पोह्यांची बशी उचलली. ते लग्न झालं आणि उत्तम चाललं आहे. सासरा अधूनमधून येतो म्हणे.

त्यांचा तिसरा नियम खोक्याचा. वस्तू पास केली तरी तिचं खोकं फेकायचं नाही. थर्माकोलसकट जपून ठेवायचं. कधीही परत करावी लागेल, आणि परत करताना दुकानदाराला बोलायला जागा ठेवायची नाही. काकांच्या घरात वस्तू थोड्या होत्या आणि खोकी फार. माळ्यावर रेडिओचं खोकं होतं, रेडिओ कधीच भंगारात गेला होता. इस्त्रीचं होतं, मिक्सरचं होतं, भिंतीवरच्या घड्याळाचंही होतं. काकू म्हणायच्या, "मला माहेराहून आणलं तेव्हा खोक्यात घालून आणलं नव्हतं, म्हणून राहिले मी इथे. नाहीतर कधीच परत गेले असते."

काकूंबद्दल सांगायलाच हवं, कारण काकांचा शब्द न मानणारी त्या कॉलनीतली ती एकच बाई. त्या बागलाणातल्या नामपूरच्या. इतकी वर्षं नाशकात राहून भाषा आमच्यासारखी झाली होती, पण चिडल्या किंवा फार खूश झाल्या की अहिराणी वर यायची. "काय शे हाई?", म्हणजे काय आहे हे, असं ऐकू आलं की मी जिन्यातच थांबायचे, कारण काकांनी काहीतरी घरात आणलेलं असायचं.

आणि काकूंचं भरीत. त्याबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही आणि लिहिणारही नाही. थंडी पडली की माहेराहून तुराट्यांचे भारे यायचे, म्हणजे तूर काढल्यावर उरलेल्या वाळक्या काटक्या. बाजारातून मोठी हिरवी वांगी यायची. अंगणात काकू पाटावर बसायच्या, समोर तुराट्यांचा जाळ, हातात जुना काटा. वांगी जाळात फिरवायची, सोलायची, परातीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात. बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. निम्मी कॉलनी आपापलं ताट घेऊन यायची. काका फक्त वांगी निवडायचे, अर्थातच ठोकून बघत. बाकी त्या जाळाशी त्यांचा संबंध नव्हता. ते पायरीवर बसून बघत राहायचे. काकू जाळाच्या उजेडात कुणाला तरी दटावत असायच्या, हसत असायच्या, आणि इतका वेळ काकांनी एकाही वस्तूला नावं ठेवलेली नसायची.

मी ही मेजवानी एकदाच खाल्ली. पुढच्या उन्हाळ्यात काकूंना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी फुप्फुसाचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं आणि सोपं करून सांगितलं, धूर बंद. उदबत्तीचासुद्धा. त्या थंडीत तुराट्या आल्या नाहीत. कॉलनीत कुणी पालापाचोळा पेटवला तरी काका धावत जाऊन पाणी ओतायचे. दिवाणखान्याची अंगणाकडची खिडकी कायमची बंद झाली आणि काकू खुर्ची ओढून त्या काचेमागे बसू लागल्या.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आम्हा कॉलनीवाल्यांना उमाळा आला. म्हटलं, आपण करू, काकू काचेतून बघतील, त्यांना बरं वाटेल. अंगणाच्या अगदी टोकाला, घरापासून लांब जाळ केला. काकूंनी पाच मिनिटं बघितलं आणि अंगठीने काचेवर टकटक सुरू केली. हाताने सांगत होत्या, फिरवा, फिरवा. आम्ही काढा असं समजलो. वांगी बाहेरून काळी आणि आतून कच्ची निघाली. त्या काचेवर टकटक करत राहिल्या, मग थकल्या, मग पडदा ओढून घेतला. आम्ही ते भरीत मुकाट्याने खाल्लं. काकांनी खाल्लं नाही. ते पायरीवर त्या पडद्याकडे बघत बसले होते आणि मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

मी तेव्हा इंटिरियरची कामं करणाऱ्या एका ऑफिसात होते. गंगापूर धरणाच्या बाजूला लोकांनी फार्महाऊस बांधली आहेत, त्यांची कामं आमच्याकडे यायची. त्यातल्या एका अंगणात मी एक गॅसवरची ग्रिल बघितली, म्हणजे भाजायची मोठी शेगडी. चकचकीत स्टील, वर घुमटासारखं झाकण, खाली सिलिंडर. मालक म्हणाले, धूर जवळजवळ नाहीच. मी मोबाइलवर फोटो काढला आणि संध्याकाळी काकांना दाखवला. किंमतही सांगितली. त्या पैशात चांगल्या स्थितीतली जुनी मोटारसायकल आली असती.

मला वाटलं, ते पाठ फिरवतील. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, झाकण बघितलं, बिजागरी बघितली. "जवळजवळ नाही म्हणजे किती?" त्यांनी विचारलं. "जवळजवळ हे काही माप नाही."

पुढचे काही दिवस ते विचित्र वागत होते. काकूंसमोर विषय नाही. मला जिन्यात गाठून हळूच विचारायचे, "त्यात स्वस्तातलीही येते का? मग महागातलीच का घ्यायची? फरक कशाचा, नावाचा की पत्र्याचा?" मी म्हटलं, जाऊन बघू. एका सकाळी ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. एका हातात वांग्यांची पिशवी, दुसऱ्या हातात दोन धुतलेले पांढरे शर्ट.

"शर्ट कशाला?"

"गाडी चालवा, भाडेकरू."

गंगापूर रोडवरच्या त्या शोरूमचा मॅनेजर तरुण मुलगा होता, दुकानाचं नाव छापलेला टी-शर्ट घातलेला. त्याने काकांना खुर्ची दिली, काका उभे राहिले. कॉफी विचारली, काकांनी हात हलवला. तो म्हणाला, "सर, ॲक्च्युअली हे लाइफस्टाइल प्रॉडक्ट आहे. एकदा यूज केलं ना, की वापस चुलीवर कोण जातच नाही."

"बिघडलं की कोण येणार?"

"सर, टोल फ्री नंबर आहे ना."

"त्या नावाचा माणूस माझ्या माहितीत नाही," काका म्हणाले आणि पिशवीतून वांगी काढली. "आधी ही भाजून दाखवा. दोन्हींवर. स्वस्त आणि महाग."

"सर, आम्ही डेमोला पनीर देतो."

"माझ्या घरी पनीर कुणी भाजत नाही."

मागच्या मोकळ्या जागेत दोन्ही शेगड्या होत्या. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं आणि काकांचा चेहरा असा होता की नाही म्हणण्यापेक्षा भाजणं सोपं. काकांनी भिंतीआड जाऊन पहिला धुतलेला शर्ट घातला आणि स्वस्त शेगडीला जवळजवळ टेकून उभे राहिले. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकूंना धुराचा वास सगळ्यात आधी कपड्यांवरून कळायचा. काका चौकातून जरी आले, तिथे कुणी कणसं भाजत असलं, तर काकू दारातूनच सांगायच्या, शर्ट बदला, मगच आत या. काका काकूंसाठी वास घरी घेऊन जाणार होते.

वांगी जाळीवर ठेवली, झाकण बंद केलं. थोड्या वेळाने आतून फट्ट असा आवाज आला. मॅनेजरने घाबरून झाकण उघडलं आणि दुसरं वांगं त्याच्या टी-शर्टवर फुटलं.

"गॅसचा प्रॉब्लेम नाही सर, व्हेजिटेबलचा प्रॉब्लेम आहे!" तो ओरडला.

काका त्या फुटलेल्या वांग्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ती काट्याने टोचायची. प्रत्येक वांग्याला, भाजायच्या आधी. मला वाटायचं, आत कीड आहे का बघते." इतक्या हिवाळ्यांत पायरीवर बसून बघितलं होतं, पण विचारलं कधीच नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, उरलेल्या वांग्यांना टोचे पाडले आणि म्हणाले, "पुन्हा."

स्वस्त शेगडीत वांग्याचं पाणी थेट जाळावर पडत होतं आणि चुरचुरून धूर वर येत होता. काका त्या धुरात पुरेसा वेळ उभे राहिले. मग शर्ट काढून माझ्याकडे दिला, मी तो एका पिशवीत घालून गाठ मारली. दुसरा शर्ट घालून ते महाग शेगडीपाशी गेले. तिच्यात जाळावर तिरप्या पट्ट्या होत्या, पाणी त्यांच्यावरून घसरून खालच्या ताटलीत जायचं. झाकण उघडलं तर वाफ आली, तिच्यात किंचित धूर. काकांनी डोकं जवळजवळ आतच घातलं. "आहे," ते म्हणाले. "थोडा आहे." त्यांचा चेहरा पडला. एवढा पडलेला चेहरा मी कुठल्याही दुकानात बघितला नव्हता. एरवी खोट सापडली की ते खुलायचे.

"आपण कोण ठरवणार?" मी म्हटलं. "काकू ठरवतील."

घरी आलो. काका फाटकातच थांबले. "तुम्ही जा आत. कुठला कुठला ते सांगू नका. मी आलो तर ती माझा चेहरा वाचेल." आणि ते खरंच पाठ करून, कुंडीतल्या तुळशीकडे बघत उभे राहिले.

मी दोन पिशव्या घेऊन काकूंसमोर गेले. पहिली गाठ सोडते न सोडते तोच काकूंनी पदर नाकाला लावला आणि खोकू लागल्या. मी ती पिशवी धावत बाहेर ठेवून आले. पाणी दिलं. खोकला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "दुसरा दे."

"नको काकू, राहू दे."

"दे म्हटलं ना. एवढा खटाटोप करून आलेत, तिकडे तुळशीशी बोलत उभे आहेत, मला दिसत नाही का?"

दुसरा शर्ट त्यांनी आधी लांबून हुंगला, मग जवळून, मग कॉलर नाकाशी धरली. आतापर्यंत शेगडी घ्यावी की नाही हा मला गमतीचा प्रश्न वाटत होता. आता तो गमतीचा राहिला नव्हता. याही शर्टावर काकू खोकल्या असत्या, तर ती खिडकी पुन्हा उघडणार नव्हती, आणि हे काकांना सांगायला मलाच फाटकापर्यंत जावं लागणार होतं.

काकूंनी शर्ट मांडीवर ठेवून घडी घातली. "याला काही नाही," त्या म्हणाल्या. "यांचाच वास आहे."

मी खिडकीतून हात केला. काका आत आले, आणि किंमत ऐकून काकूंचा आवाज चढला. "कसाले? चार वांग्यांसाठी एवढे पैसे? आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे वाचवले आणि आता हे? मला विचारलं का? मी काही भरताशिवाय मरत नाही!"

काका ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते काउंटरच्या पलीकडे, दुकानदाराच्या जागी उभे होते.

"आणि मला सांगा," काकू म्हणाल्या, "लोकांना विचारता ना? मग आता मी विचारते. हे नसताना आपण काय करत होतो?"

काका फरशीकडे बघत म्हणाले, "हे नसताना तू खिडकीत बसतेस."

काकूंनी उगाचच त्या शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली. मी निघावं की थांबावं ते मला कळेना. माझे डोळे भरून आले होते आणि ते दोघांनाही दिसू नये म्हणून मी पिशवीची गाठ बांधत बसले, जिच्यात काहीच नव्हतं. मग काकू म्हणाल्या, "जाळी बिडाची बघा. पत्र्याची असली तर वांगं चिकटेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा शोरूममध्ये. मॅनेजरने लांबूनच टी-शर्ट सावरला. काकांनी जाळी ठोकून बघितली, बिडाचीच होती. झाकण उघडलं, मिटलं. "बिघडलं की कोण येणार?"

मुलगा या वेळी टोल फ्री बोलला नाही. म्हणाला, "सर, मीच येतो. इथेच अशोकनगरला राहतो मी."

काकांनी त्याचं नाव विचारलं. मग खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, "चहा सांगा."

ग्रिल आली. खोकं एवढं मोठं होतं की माळ्यावर जाईना. ते व्हरांड्यात उभं केलं आणि वर प्लॅस्टिक टाकलं. हवी तशी थंडी पडेपर्यंत काका रोज त्या खोक्यावरची धूळ झटकायचे. ग्रिलवरची नव्हे, खोक्यावरची. अजून विश्वास बसला नव्हता.

मग एका रविवारी संध्याकाळी, नाशिकची थंडी शहाबादी फरशीतून पायाला चावते तशा दिवसांत, काकांनी अंगणात ग्रिल लावली. कॉलनीतले लोक ताटं घेऊन आले, पण लांबच उभे राहिले. काका आधी स्वतः बराच वेळ जाळाजवळ उभे राहिले, मग दारात जाऊन बाही पुढे केली. काकूंनी हुंगली. पायरी उतरल्या. त्यांची खुर्ची आम्ही आधीच मांडून ठेवली होती. त्या बसल्या, जुना काटा मागितला, एकेका वांग्याला टोचे पाडले, तेलाचा हात फिरवला आणि जाळीवर ठेवलं. एकदा खोकल्या. सगळी कॉलनी दचकली. "थंडीचा आहे," त्या खेकसल्या, "तोंडं काय बघता माझी? पात चिरा!"

मग सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. त्या दटावत होत्या, हसत होत्या, कुणाला तरी लसूण सोलायला लावत होत्या. काका पायरीवर बसले होते. भरीत झालं. पहिला घास काकूंनीच घेतला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

त्यांनी घास गिळला आणि ताट खाली ठेवलं. "याले चव नही शे," त्या म्हणाल्या.

आम्हीही खाल्लं. खरं होतं. वांगं सुरेख भाजलं होतं, मऊ होतं, मीठमिरची बेताची होती, पण ती तुराट्यांची चव नव्हती. धूर नाही तर ती चव कुठून येणार? काकांनी झाकण तपासलं, जाळी तपासली, बिजागरी तपासली, घरभर दोन शर्ट फिरवले, आणि भरीत खाऊन बघायचं मात्र विसरले. भाजलेली वांगी त्यांनी शोरूममध्येच टाकून दिली होती. समोरच्या बंगल्यातल्या बाई, त्याच बुटांच्या, म्हणाल्या, "छान आहे हो, वेगळं आहे." काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या पुढे बोलल्या नाहीत.

"परत करून टाका," काकू काकांना म्हणाल्या. "खोकं आहे ना व्हरांड्यात? खोट निघाली की परत. तुमचाच नियम."

काका उठले आणि घरात गेले. मला वाटलं, पावती आणायला गेले. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात भाजीची सुरी होती. ते व्हरांड्यात गेले, खोक्यावरचं प्लॅस्टिक काढून बाजूला ठेवलं, आणि खोकं वरपासून खालपर्यंत उभं चिरलं. मग दुसऱ्या बाजूने चिरलं. रेडिओचं खोकं जपणारा माणूस ते खोकं फाडत होता आणि त्या करकर आवाजाखेरीज अंगणात काही ऐकू येत नव्हतं.

एक मोठा चौकोन कापून ते काकूंच्या खुर्चीपाशी आले आणि वाकले.

"पाय वर घे."

काकूंनी पाय वर घेतले. काकांनी ते जाड पुठ्ठ्याचं पान गार फरशीवर पसरलं, कोपरे हाताने दाबून सपाट केले.

"हं. ठेव आता."

काकूंनी पाय ठेवले. बोटं हलवून बघितली. मग ग्रिलकडे हात करत मला म्हणाल्या, "पुढची वांगी दे इकडे. आणि तो लसूण जरा जास्त ठेच."